थंडीची सुटी नेमकी कोणाची?

उत्तरेकडील गार वारे वाहू लागले आणि जबलपूरचा पारा पाच-सहा अंशांकडे झुकला, की जिल्हाधिकारी कार्यालयातून एक पानी आदेश निघतो. कधी शाळा उशिरा भरवण्याचा, कधी आठवीपर्यंतचे वर्ग बंद ठेवण्याचा. शहरातील पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. हाच आदेश तीसेक किलोमीटरवरील पाटन तहसिलीत पोहोचतो, तेव्हा मात्र त्याचा अर्थ पालटलेला असतो.

शहरातील खासगी शाळा सकाळी लवकर भरतात. धुक्यात बसची वाट पाहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाची काळजी रास्तच आहे. परंतु मध्य प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळा साधारणपणे साडेदहाला भरतात. तोवर बहुधा ऊन अंगणात उतरलेले असते. दिवसभर धुके न उठणारे ‘शीत दिवस’ वेगळे. हवामान खाते त्यांची नोंदही वेगळी करते. एरवी पहाटेच्या किमान तापमानावर बेतलेली सुटी साडेदहाच्या शाळेला लावण्यात तर्क नाही. शिवाय हा वाटाण्याचा पट्टा, आणि तोडणीचा हंगाम नेमका याच दिवसांतला. आई शेतावर आणि शाळेला कुलूप, अशा वेळी मजुराचे मूल आईमागे बांधावर जाणार, हे समजण्यास अहवालाची गरज नाही.

त्याहून गंभीर बाब दुपारच्या जेवणाची आहे. संसदेने २०१३ मध्ये मंजूर केलेल्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेतील मोफत भोजनाचा हक्क दिला. तो ‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’. हे शब्द लिहिताना सभागृहापुढे दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुटी असावी. थंडीमुळे अवचित जाहीर होणारी सुटीही याच शब्दांत बसवली जाते आणि शरीराला उष्मांकांची सर्वाधिक गरज असते त्या दिवसांत चूल विझते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा या भोजनाचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून उपस्थित केला होता आणि त्यानंतर राज्याराज्यांत कोरडा शिधा पोहोचवण्यात आला. तीन दिवसांच्या सुटीसाठी तो प्रश्न कोणी विचारत नाही. वास्तविक अशा आदेशांत शिक्षकांना बहुधा हजर राहावेच लागते. भोजन रांधणारे बचत गटही गावातलेच. वर्ग बंद ठेवूनही भोजन चालू ठेवणे अशक्य नाही. प्रशासकीय सेवेतील मराठी वाचकांना हे सांगावे लागू नये.

निर्णय कोणी घ्यावा, यावर बिहारमध्ये जानेवारी २०२४ मध्ये जाहीर खडाजंगी झाली. पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली शाळा बंद केल्या. केवळ शाळांवरच कोसळणारी आणि खासगी शिकवण्यांना वगळणारी ही कसली शीतलहर, असा सवाल शिक्षण खात्याचे अपर मुख्य सचिव के. के. पाठक यांनी केला. जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकारक्षेत्राचा मुद्दा पुढे केला. पाठक यांची भाषा बोचरी होती, पण प्रश्न बिनतोड होता. दंगल रोखण्यासाठी असलेले कलम बालवाडीला लावावे लागते, यातच धोरणाचा अभाव दिसतो. ते कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले, एवढाच फरक.

शीतलहरीचा समावेश २०१२ मध्ये आपत्ती निवारण निधीतून मदतीस पात्र आपत्तींमध्ये झाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असले, तरी स्थानिक स्वराज्य संस्थेचा निर्वाचित प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. शाळाबंदीच्या आदेशाखाली मात्र एकच सही दिसते. पाटनला अनुविभागीय अधिकारी आहे, जनपद पंचायत आहे. गावनिहाय शाळेची वेळ, चालत येणाऱ्या मुलांचे अंतर आणि वर्गाच्या खिडक्यांना तावदाने आहेत की नाहीत, हे जिल्हा मुख्यालयापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

गणवेशाची गोष्टही याच जातीची. समग्र शिक्षा अभियानात दोन गणवेशांसाठी मुलामागे वर्षाला ६०० रुपयांचा निकष आहे. त्यात स्वेटर बसवणे कठीण. उत्तर प्रदेशाने २०२१ पासून पालकांच्या खात्यात जमा होणाऱ्या रकमेत स्वेटरही धरला. रक्कम तुटपुंजी आहे, परंतु थंडीचा विचार तिथे निदान हिवाळ्यापूर्वी आणि अंदाजपत्रकात केला जातो, रात्री दहाच्या आदेशात नव्हे.