पैसा तुमचा, म्हणून नियमही तुमचेच?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या विषम मताधिकाराचे समर्थन एका वाक्यात उरकले जाते: ज्याचा पैसा जास्त, त्याची मते जास्त. वरवर बिनतोड वाटणारा हा न्याय निधी स्वतःच पाळत नाही.

अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत आणि कोटा, म्हणजे ज्यावर देशाची मते ठरतात ती त्याची वर्गणी, बदलायला 85 टक्के मते लागतात; म्हणजे बाकी सगळे एक झाले तरी ती एकटी निर्णय अडवू शकते. सुरुवातीला तिच्याकडे तीस टक्क्यांहून अधिक मते होती आणि निधीची घटना दुरुस्त करायला 80 टक्के पुरत. पुढे तिचा हिस्सा घसरत गेला आणि 1978 मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ही अट 85 टक्क्यांवर नेली. वाटा घटला, नकाराधिकार मात्र शाबूत राहिला. यात पैशाचा न्याय कुठे आला?

उलट, जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था असलेल्या चीनची मते जेमतेम सहा टक्के, जपानपेक्षा किंचित कमीच. उदयोन्मुख देशांचा वाटा थोडा वाढवणारी 2010 ची सुधारणा अमेरिकी काँग्रेसच्या मंजुरीअभावी 2016 पर्यंत रखडली. 2023 मध्ये सर्वांचे कोटे सरसकट 50 टक्क्यांनी वाढवायचे ठरले, म्हणजे वाटे जिथल्या तिथेच. पैसे घालायला तयार असलेल्यालाही इथे मत मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, कर्जदारांच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या द्यायच्या का? महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थेत शेअर पाच असोत की पाचशे, सभासदाला मत एकच, आणि कर्ज घेणाराही सभासदच असतो. शिवाय 1976 मध्ये ब्रिटनने निधीकडे कर्जासाठी हात पसरला, तेव्हा त्याची संचालक मंडळावरची खुर्ची काही गेली नाही. कर्जदार श्रीमंत असला की ही शंका कुणाला येत नाही.

मग दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूला भारताइतकेच मत द्यायचे का? नाही. तोही अन्यायच. पण मधला मार्ग निधीच्या घटनेतच आहे: घटनादुरुस्तीला 85 टक्के मतांबरोबर तीनपंचमांश सभासद देशांची संमतीही लागते. हीच दुहेरी कसोटी कोट्यासारख्या सर्व मोठ्या निर्णयांना लावावी, 85 ची अट पुन्हा 80 वर आणावी, आणि प्रत्येक देशाला समान मिळणाऱ्या मूलभूत मतांचा वाटा वाढवावा. स्थापनेच्या काळात तो एकूण मतांच्या दहा टक्क्यांहून अधिक होता. आज साडेपाच आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, अमेरिका स्वतःचा नकाराधिकार का सोडेल? उपकार म्हणून नव्हे, गरज म्हणून. ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांनी 2014 मध्ये नव्या विकास बँकेचा करार केला तो समान हिस्सा ठेवून, कुणालाही नकाराधिकार न देता. ती बँक निधीची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण निधीबाहेर पर्याय उभे राहू लागले, एवढे त्यातून दिसते. निर्णय अडवण्याची ताकद जपताना सभासदच दुसरीकडे जाऊ लागले, तर अमेरिकेच्या हाती नकाराधिकार उरेल, पण नकार द्यावा असे फारसे काही समोर येणार नाही.