न मागितलेल्या गाण्याचे ३० रुपये

२०१२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मिरजेतलं दुकान बंद करता करता मी गावी आईला फोन लावला. नेहमीच्या रिंगऐवजी कानात हिंदी सिनेमातलं गाणं वाजायला लागलं. नंबर चुकला असं वाटून फोन कट केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच गाणं, आणि मग आईचा आवाज. मी विचारलं, “आये, हे गाणं कुणी लावून दिलं तुला?” ती म्हणाली, “कसलं गानं? मी तर चुलीम्होरं बसलीया.”

कॉलर ट्यून ज्याच्या नंबरवर असते त्याला ती ऐकू येत नाही. ऐकतो तो फोन करणारा. खटाव तालुक्यातल्या आमच्या घरी चुलीपुढे बसलेल्या बाईला आपल्या नावावर एक गाणं विकलं गेलंय, त्याचे महिन्याला ३० रुपये जाणार आहेत, हे कळायला काही मार्गच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तेव्हा समजलं, की गाणं त्या आठवड्यात सुरू झालं होतं. त्याच्या आधीपासून तिच्या नंबरवर आणखी दोन सेवा चालू होत्या. रोजचं राशिभविष्य आणि क्रिकेटचा स्कोअर. दोन्ही एसएमएसने येणाऱ्या, दोन्ही पैशाच्या. माझ्या आईला वाचता येत नाही.

त्याआधीचे तीन महिने मी तिला मिरजेतून ५० रुपयांचं रिचार्ज टाकत होतो आणि ते आठ-दहा दिवसांत संपत होतं. मी तिला म्हणायचो, “आये, किती बोलतीस! जरा कमी बोलत जा.” तिने ऐकलं. करमाळ्याला दिलेल्या माझ्या बहिणीला ती दर रविवारी फोन करायची, तो तिने बंद केला. पैसे तरीही संपत होते, आणि ती स्वतःलाच दोष देत होती. ते माझं वाक्य मला आजही बोचतं. माझं तर दुकानच रिचार्जचं. मला हे आधी दिसायला हवं होतं.

२००७ पासून मी मिरजेत हे दुकान चालवतो. मिरज दवाखान्यांचं गाव. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोला, पलीकडे अथणी-रायबाग अशा भागांतून पेशंट येतात. माझं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे नातेवाईक. रात्री वॉर्डाबाहेर सतरंजीवर झोपणारी, सकाळी चहा घेऊन माझ्याकडे येणारी माणसं. “दहाचं टाका” हे वाक्य मी किती हजार वेळा ऐकलं असेल. दहाच्या टॉपअपमधून कर आणि प्रोसेसिंग फी वजा होऊन साडेसात रुपयांच्या आसपास टॉकटाइम यायचा. अडीच रुपये कुठे गेले, हे मी प्रत्येकाला समजावून सांगायचो. त्याचा हिशोब माझ्याकडे होता. रात्रीतून जे कापलं जायचं त्याचा हिशोब माझ्याकडे नव्हता.

जतकडची एक मावशी मला विसरता येत नाही. मालकांचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी तिने ३० चं रिचार्ज टाकून घेतलं, कारण सकाळी पोराला फोन करून पैसे घेऊन यायला सांगायचं होतं. सकाळी ती आली आणि हळू आवाजात म्हणाली, “दादा, काल तू खरंच टाकलंस नव्हं? एक बी फोन केला न्हाई, आन् पैसं न्हाईत.” मी तिचा फोन हातात घेतला. इंग्रजीतला एक मेसेज होता: कसलासा भविष्याचा पॅक सुरू झाल्याचा. मी माझ्या फोनवरून तिच्या पोराला कॉल लावून दिला. मग कंपनीला फोन केला. बऱ्याच वेळाने लाइन मिळाली तेव्हा पलीकडून उत्तर आलं, “सर, ग्राहकाच्याच नंबरवरून कन्फर्मेशन आलेलं आहे.” सेवा बंद झाली, पैसे परत आले नाहीत. आणि मावशीच्या मनात तो संशय थोडा तरी राहिलाच असेल, की रिचार्जवाल्याने खाल्ले.

ते कन्फर्मेशन कसं जायचं, हे मी शेकडो फोन हाताळून पाहिलं आहे. साध्या बटणांच्या फोनवर अचानक पडद्यावर इंग्रजी मजकूर उमटायचा. तो घालवायला माणूस मधलं बटण दाबतो. त्या बटणाचा अर्थ ‘ओके’. मजकूर जायचा, सेवा सुरू व्हायची. कधी रेकॉर्ड केलेल्या बाईचा फोन यायचा, “हे गाणं हवं असेल तर १ दाबा.” माझ्या आईला वाटायचं, कोणी बाई बोलतीये, तर उत्तर दिलं पाहिजे. “व्हय बाई, पर मला काय बी नको,” असं ती त्या मशिनला सांगायची आणि फोन बंद करायला दिसेल ते बटण दाबायची. कधी ‘पाच दिवस मोफत’ असायचं आणि सहाव्या दिवसापासून रोज पैसे जायचे. गाणं, भविष्य किंवा स्कोअर पुरवणारी कंपनी वेगळी, मोबाइल कंपनी वेगळी. आलेला पैसा दोघांत वाटला जातो. म्हणून तक्रार केली की एक दुसरीकडे बोट दाखवते.

शिवाय प्रीपेडवाल्याच्या हातात बिल नसतं. पोस्टपेडच्या बिलात निदान एक ओळ छापून येते, ती धरून भांडता येतं. आपल्या देशात दहातले नऊहून अधिक मोबाइल ग्राहक प्रीपेडचे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१२ च्या नियमांनी प्रीपेड ग्राहकालाही तपशीलवार हिशोब मागण्याचा हक्क दिला. त्यासाठी कंपनीला ५० रुपयांपर्यंत आकार घेता येतो. ३० रुपये कुठे गेले हे पाहायला ५० रुपये कोण भरणार?

ही रक्कम छोटी म्हणून सोडून द्यायची नसते, हे एका गाजलेल्या खटल्याने मला शिकवलं. २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’सोबत घरबसल्या खेळायची एसएमएस स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडायचे. खटल्यात आलेल्या आकड्यांप्रमाणे सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस आले, म्हणजे जवळपास १३ कोटी ९२ लाख रुपये. लोकांना वाटत होतं की भाग घेणं फुकट आहे, बक्षीस मात्र त्यांच्याच एसएमएसच्या पैशातून निघत होतं, अशी तक्रार एका ग्राहक संघटनेने केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ती मान्य करून वाहिनी आणि मोबाइल कंपनीला १ कोटी रुपये भरायला सांगितले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या उत्पन्नातून दिली गेली याचा पुरावा पुढे आला नव्हता. न्यायालय समोर आलेल्या पुराव्यावरच चालणार. पण मला त्यात आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची अडचण दिसते. सिद्ध ग्राहकाने करायचं, आणि नोंदी सगळ्या कंपनीच्या संगणकात.

पैसे देऊन एसएमएस घ्यायला आमच्या भागातल्या माणसांचा विरोध नाही. त्याच २००७ मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. हवामान, बाजारभाव, पिकाचा सल्ला, सगळं मराठीत मेसेजने. तासगावकडचे माझे दाजी द्राक्षबागायतदार आहेत. त्यांनी ती पैसे मोजून घेतली होती आणि पावसाचा अंदाज आला की फवारणीचं ठरवत होते. किती पैसे, किती दिवसांसाठी, कशाचे, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी स्वतः मागितलं होतं आणि ते त्यांना वाचता येत होतं. माझ्या आईच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

नियम झाले, हेही सांगितलं पाहिजे. जुलै २०११ मध्ये आणि मग १० जुलै २०१३ ला ट्रायने कंपन्यांना निर्देश दिले. सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची. सेवा बंद करायला सगळ्या कंपन्यांसाठी एकच मोफत नंबर, १५५२२३. संमतीशिवाय सेवा लागली आणि ग्राहकाने २४ तासांत कळवलं, तर पैसे परत. तो नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाच्या काचेवर चिकटवला. तक्रारी खरोखर कमी झाल्या. पण २४ तास कोणासाठी पुरेसे आहेत? ज्याला मेसेज वाचता येतो त्याच्यासाठी. वॉर्डाबाहेर बसलेल्या मावशीसाठी नाहीत. जिला गाणं ऐकूच येत नाही त्या माझ्या आईसाठी तर नाहीतच.

२०१६ नंतर अनलिमिटेड पॅक आले आणि बहुतेकांच्या फोनमध्ये कापण्याजोगा मेन बॅलन्सच उरला नाही. मला वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता, बँकेच्या खात्यात शिरला होता. गेल्या वर्षी सांगलीच्या विश्रामबागेतून एसटीतले एक निवृत्त कंडक्टर काका आले. नातवाने कसलंसं ॲप ‘१ रुपयात ट्रायल’ म्हणून घेतलं होतं. आता दर महिन्याला पेन्शनच्या खात्यातून ४९९ रुपये जात होते. यूपीआयमध्ये जाऊन आम्ही ऑटोपेची परवानगी रद्द केली. गेलेल्या चार महिन्यांचे पैसे गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं. कळवलं होतं. जाहिरातींच्या ढिगात, इंग्रजीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या मांडण्यांवर बंदी घातली, त्यात वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश आहे. सापळा हा शब्द सरकारनेच वापरला, ते बरं झालं. पण सापळ्यात सापडल्यावर सुटण्याची जबाबदारी अजूनही सापडलेल्यावरच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: संमती होती हे पैसे कापणाऱ्याने दाखवावं, नव्हती हे ग्राहकाला दाखवायला लावू नये. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक नंबरवर पैशाच्या सगळ्या सेवा मुळातच बंद असाव्यात. ज्याला हव्यात त्याने उघडून घ्याव्यात. ‘ओके’ किंवा ‘१’ दाबणं ही संमती मानू नये. महाराष्ट्रातल्या ग्राहकाला मराठीत किंमत सांगावी आणि ती रक्कम त्याने स्वतःच्या हाताने टाइप करावी. ३० टाइप करणाऱ्या माणसाला कळतं की ३० रुपये जाणार आहेत. आणि संमतीची नोंद दाखवता आली नाही, तर मुदतीची अट न लावता पैसे आपणहून परत करावेत.

तोवर आपणही गप्प बसू नये. पूर्वी मोबाइलच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतात की नाही, यावरच वाद होता. अहमदाबादच्या एका ग्राहकाने २४ हजारांहून अधिक रुपयांच्या बिलावरून लढा दिला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चालतात. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दूरसंचार सेवेचं नावच घातलेलं आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याला किंवा सांगलीला, तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आता माझ्या काचेवर १५५२२३ च्या शेजारी आहे.

वडूजच्या बाजारात माझी आई भाजी घेते तेव्हा विकणारी बाई तिच्यासमोर वजन करते, भाव सांगते, आईने मान हलवल्यावरच पिशवीत टाकते. एवढीच रीत मोबाइलच्या धंद्यात यावी, यापलीकडे माझी मागणी नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या फोनवर वर्षभराचा अनलिमिटेड पॅक आहे, मीच टाकतो. बहिणीला फोन लावून दिला की ती अजूनही आधी मला विचारते, “पैसं जात न्हाईत न्हवं?” मी सांगतो, “न्हाई आये, पाहिजे तेवढं बोल.” ती मान हलवते, लेकीची, नातवंडांची खुशाली विचारते आणि दोन मिनिटांत फोन ठेवून देते.