पुढची गाडी बोलली तर?

मागच्या पावसाळ्यात एक्स्प्रेस वेवर थोडक्यात वाचलो. पुढे ट्रक. त्याच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. ट्रकवाल्याने ऐनवेळी लेन बदलली आणि समोर बंद पडलेली कार! जीव खाऊन ब्रेक दाबला, बायको किंचाळली, हातभर अंतर राखून गाडी थांबली. तेव्हापासून डोक्यात एकच किडा: त्या कारला बोलता आलं असतं तर?

माझी मामेबहीण इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "दादा, रविवारी लॅबवर ये."

गेलो. टेबलावर दोन मीटरचा पुठ्ठ्याचा रस्ता, त्यावर चार खेळण्यातल्या गाड्या आणि कोपऱ्यात पिटुकला सिग्नल. प्रत्येक गाडीवर ईएसपी ३२ नावाचं स्वस्तातलं बोर्ड आणि बॅटरी. सिग्नलच्या पोटात रास्पबेरी पाय. एवढाच संसार. जीपीएस नाही का? "छताखाली ते नीट लागत नाही. आणि लागलं तरी त्याची चूक या टेबलापेक्षा मोठी! म्हणून चाकांचे फेरे मोजून गाडी आपली जागा ठरवते."

तिने एक गाडी मधेच थांबवली आणि तिच्यामागे बुटांचं खोकं ठेवलं. हा आपला ट्रक. मागच्या गाडीच्या नाकावर सेन्सर होता, पण त्याला फक्त खोकंच दिसणार. तरी गाडी खोक्याच्या बरंच अलीकडे हळू झाली. कारण पुढची तिला सांगत होती, 'मी इथे उभी आहे.' सिग्नलही सांगत होता, लाल व्हायला किती सेकंद उरलेत ते. माझ्या अंगावर काटा आला, बॉस!

खऱ्या गाड्यांमध्ये हे काम ५.९ गिगाहर्ट्झचा रेडिओ करतो. जागा, वेग, दिशा, ब्रेक, सगळं सेकंदाला १० वेळा सांगायचं. मधे मोबाइलचा टॉवर लागत नाही, थेट गाडी ते गाडी. अमेरिकेने यासाठी १९९९ मध्येच ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले होते. २०१२ मध्ये अ‍ॅन आर्बरला जवळपास तीन हजार गाड्यांवर चाचणीही सुरू झाली.

"मग अडलं कुठे?"

उत्तर न देता तिने तीन गाड्यांची बोर्डं बंद केली. चौथी एकटीच बोलत राहिली. ऐकायला कोणी नाही. मागची गाडी थेट खोक्यापर्यंत गेली.

"असं अडतं. अख्ख्या गावात एकाच घरी फोन असला तर तो लावणार कुणाला?" २०१६ मध्ये अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीत हा रेडिओ सक्तीचा करायचा प्रस्ताव आला होता. तो प्रत्यक्षात उतरलाच नाही. आणि २०२० मध्ये त्या ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायसारख्या वापरासाठी देऊन टाकायचं ठरलं. आपल्या व्हिडिओंसाठी, म्हणजे!

निघताना तिने सहज विचारलं, "त्या कारवाल्याने मागे लाल त्रिकोण ठेवला होता का रे?"

नव्हता. म्हणजे आजही गाडीला बोलता येतं, आपणच तिला बोलू देत नाही. कारवाल्याला शिव्या घालत पार्किंगमध्ये आलो आणि माझी डिकी उघडली. माझाही त्रिकोण होता. स्टेपनीखाली. प्लॅस्टिकचं सीलसुद्धा न फोडलेला.