गर्जना गाडीची, धडधड शेजाऱ्यांची

रात्री १२ वाजता रस्त्यावरून स्पोर्ट्‌स कार गर्जत जाते. मूळ सायलेन्सर काढून बसवलेले ते मोकळे नळकांडे! त्याने ताकद बहुधा नावापुरतीच वाढते, आवाज मात्र भरपूर. डेसिबलचा आकडाही फसवा असतो. तो १० ने वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. झोपलेल्या माणसाला जाग आली नाही, तरी अशा आवाजाने त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. सोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला, तर कार्बन मोनॉक्साइड आणखी जास्त बाहेर पडतो. स्पॉयलर लावा, आरटीओत नोंद करून रंग बदला; हौसेला मोल नसते. पण पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवण्याआधी ते बसवून देणारी गॅरेजे गाठावीत.