मिशी कुणाची, शिस्त कुणाची?



३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या क्वांटिको ह्या लष्करी तळावर जगभर नेमलेल्या सेनाधिकाऱ्यांना मुद्दाम बोलावून घेण्यात आलं. तिथलं संरक्षण खातं सांभाळणारे पीट हेगसेथ ह्यांनी त्यांना बऱ्याच गोष्टी ऐकवल्या. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या आहेत. एक, सैन्यात ह्यापुढे दाढ्या खपवून घेतल्या जाणार नाहीत. दोन, प्रत्यक्ष लढाईच्या कामांसाठी शारीरिक चाचणीची पट्टी पुरुषांची, आणि तीही सगळ्यांत वरची राहील. बायकांना ती पार करता आली तर आली, नाही तर नाही. दाढी आणि बायका, एकाच भाषणात. सैन्य ढिलं पडलंय, ते पुन्हा कडक करायचं, म्हणजे काय करायचं, तर हनुवट्या गुळगुळीत करायच्या आणि बायकांना त्यांची जागा दाखवायची. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी येऊन कशा बसल्या, हा ह्या वेळच्या संपादकीयाचा विषय आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर बसून अमेरिकेतल्या दाढ्यांची उठाठेव कशाला, असं काहीजणी म्हणतील. पण गणवेश ही आता आपल्याकडे लांबची गोष्ट राहिलेली नाही. उरणला करंजाच्या बाजूला नौदल आहे. अलिबागसमोरच्या समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याचं नाव घेतलेली पाणबुडी २०१९ साली नौदलात आली. महाराष्ट्रात पोलीस भरतीत मुलींना तीस टक्के आरक्षण आहे, आणि गावोगावच्या मुली पहाटे उठून धावायला लागल्या आहेत. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, उंची १५५ सेंटिमीटर. हे आकडे आपल्या बैठकांना येणाऱ्या मुलींना तोंडपाठ असतात. मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या चिल्का इथून नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत २७३ मुली होत्या. तेव्हा गणवेशाच्या आतल्या शरीराबद्दल कोण काय ठरवतं हा प्रश्न आपल्या अंगणात आलेला आहे.

आपल्या भाषेकडेच पाहा. मिशीला पीळ द्यायचा, मिशीवर ताव मारायचा, पैज हरलो तर मिशी उतरवून देईन म्हणायचं. आणि समोरचा कच खाऊ लागला की त्याला विचारायचं, हातात बांगड्या भरल्यात का? मिशी म्हणजे अब्रू आणि बांगडी म्हणजे भित्रेपणा, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की बांगड्या घालणाऱ्या आपणसुद्धा भांडणात ती शिवी सहज वापरतो.

ही वाटणी सैन्यात हुकूम म्हणून कशी आली त्याचा एक धागा थेट मुंबईला जातो. कंपनी सरकारच्या गोऱ्या सोल्जरांच्या ओठावर आधी मिशी नसे. इकडे मिशी नसलेला पुरुष म्हणजे बायकी, असा समज. हाताखालचे हिंदी शिपाई आपल्याला बायकी समजतील ह्याची साहेबाला धास्ती वाटली. १८५४ साली कंपनीच्या मुंबई फौजेतल्या गोऱ्या सैनिकांना मिशी सक्तीची झाली. पुढे इंग्लंडच्या सैन्याच्या नियमावलीतही वरचा ओठ भादरायचा नाही असं कलम आलं आणि ते १९१६ पर्यंत टिकलं. पहिल्या महायुद्धात माणसं मरत असताना मिशीवरून शिपायांना शिक्षा करणं अगदीच हास्यास्पद दिसू लागलं आणि कलम गेलं. दाढीला मात्र बंदी होतीच. ती उठायला मार्च २०२४ उजाडला. आता ब्रिटिश सैनिक नीट राखलेली दाढी ठेवू शकतो. तिथल्या आरमाराला आणि हवाई दलाला ही मुभा त्याआधीच होती. ब्रिटिश सैन्याला तरुण मिळेनासे झाले आहेत, हे त्यामागचं एक कारण.

म्हणजे एकाच सैन्यात जी मिशी काढणं गुन्हा होता ती पुढे ऐच्छिक झाली, आणि जी दाढी ठेवणं गुन्हा होता तीही ऐच्छिक झाली. दर वेळी कारण सांगितलं गेलं ते एकच: शिस्त.

आपल्याकडे काय आहे? नौदलात परवानगी घेऊन कुठल्याही धर्माचा माणूस दाढी राखू शकतो. लष्करात आणि हवाई दलात शीख सैनिकांचा अपवाद सोडला तर साधारणपणे नाही. (२०२२ साली नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, त्याचं कौतुक झालं. पण चित्रांत दिसते तशी शिवरायांची दाढी घेऊन एखादा मराठा पलटणीत उभा राहिला, तर त्याला आधी न्हाव्याकडे पाठवतील.)

महाराष्ट्रात राज्य राखीव पोलीस दलातल्या एका मुस्लिम जवानाला २०१२ साली दाढी राखायची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ती काढून घेतली गेली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं डिसेंबर २०१२ मध्ये सरकारचं म्हणणं उचलून धरलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला, धार्मिक काळापुरती दाढी ठेव आणि नोकरीवर परत ये, असं सुचवलं. त्यानं ते मानलं नाही. २०२० साली उत्तर प्रदेशात बागपतला एका फौजदाराला दाढीपायी निलंबित केलं, दाढी काढल्यावर परत घेतलं. उलट जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं मदुराईच्या एका मुस्लिम पोलिसाला दाढीवरून दिलेली शिक्षा रद्द केली आणि त्यासाठी तिथल्या पोलिसांच्या १९५७ सालच्या राजपत्राचा दाखला दिला. एकच देश, एकच राज्यघटना, एकच दाढी, आणि न्याय तीन तऱ्हांचे.

ह्यातला सगळ्यांत मोठा निकाल हवाई दलातल्या एका जवानाचा. त्याला २००८ साली काढून टाकलं होतं. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याचं अपील फेटाळलं. सशस्त्र दलांत एकसारखेपणा लागतो, त्याशिवाय एकजूट आणि शिस्त राहत नाही, असा त्या निकालाचा आशय. हा निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ह्यांनी लिहिला होता. आता पुढचं पाहा. १७ फेब्रुवारी २०२० रोजी लष्करातल्या स्त्री-अधिकाऱ्यांना कायम नेमणूक देणारा निकाल आला आणि बरोबर एका महिन्यानं, १७ मार्चला, नौदलातल्या स्त्री-अधिकाऱ्यांचा. दोन्ही त्याच न्यायमूर्तींच्या हातचे. तिथेही सरकारनं सैन्याची एकजूट पुढे केली होती. सैनिक बहुतेक खेड्यांतून आलेले पुरुष, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही, असं सरकारनं लेखी मांडलं. नौदलाच्या बाबतीत तर काही जहाजांवर बायकांसाठी न्हाणीघरं नाहीत असंही सांगितलं. (खेड्यातल्या मुलाची ही बदनामी आमच्या गावांतल्या आयांनी तरी ऐकून घेऊ नये.) ह्या वेळी न्यायालयानं ते कारण उलटसुलट करून पाहिलं, आतला पूर्वग्रह बाहेर काढला आणि साफ नाकारला.

आपण त्या दिवशी पेढे वाटले, आणि योग्यच केलं. पण दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की अस्वस्थ व्हायला होतं. शिस्त, एकजूट, एकसारखेपणा हे शब्द बायकांच्या आड आले तेव्हा न्यायालयानं त्यांना पुरावा मागितला. तेच शब्द एका मुस्लिम जवानाच्या आड आले तेव्हा ते जवळजवळ तसेच मान्य झाले. आपल्या विजयावर खूश होऊन दुसऱ्या निकालाकडे पाठ फिरवली, तर उद्या हेच शब्द पुन्हा आपल्याकडे वळतील तेव्हा काय म्हणणार? क्वांटिकोत ते वळलेच आहेत. तिथल्या दाढीबंदीचा फटका मुख्यतः काळ्या सैनिकांना बसणार आहे. कुरळा केस वस्तऱ्यानंतर कातडीत उलटा वाढतो, फोड येतात, म्हणून त्यांच्यापैकी अनेकांना डॉक्टरी सवलत असते. शीख आणि मुस्लिम सैनिकांनी तिथे वर्षानुवर्षं कोर्टात झगडून सवलती मिळवल्या होत्या, त्यांनाही पुन्हा घोर लागला आहे. आणि त्याच यादीत बायका.

ह्याचा अर्थ दाढीच्या बाजूनं उभं राहताना डोळे मिटायचे असा नव्हे. धर्मानं सांगितलं म्हणून दाढीचा हक्क मागणारे सगळेच आपल्या घरातल्या मुलीला, तुझ्या डोक्यावर पदर हवा की नको, बुरखा हवा की नको, हे विचारतात असं नाही. दाढी ही त्याची निवड आणि पदर हे तिचं कर्तव्य, ही सोयीची मांडणी आपल्याला सगळ्याच धर्मांत भेटते. ती आपण त्यांच्या तोंडावर बोलून दाखवावी. पण त्यासाठी त्याच्या गालावर सरकारी वस्तरा फिरवायला आपली संमती नाही.

आमच्या किनाऱ्यावर तर दाढीचा प्रश्न नुसत्या टापटिपीचा कधीच नव्हता. १९९३च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या मोहल्ल्यांतल्या दाढीवाल्या माणसाकडे पाहायची नजर बदलली ती बदललीच. पण तो माल किनाऱ्यावरून पुढे गेला कसा? त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातल्या माणसांनाही न्यायालयानं दोषी ठरवलं. ती गणवेशातली माणसं होती, रोज हजेरी देणारी. शिस्त हनुवटीवर मोजता येत नाही ह्याचा इतका महाग पुरावा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्याकडे नसेल.

आणि चेहरा पाहून लढवय्या ठरवण्याची रीतही आपल्याला नवी नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर इंग्रजी फौजेतून निवृत्त झालेले सैनिक. महारांच्या पिढ्या मुंबई फौजेत लढल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जमाती'ची टूम निघाली आणि त्यांची भरती बंद झाली. गोपाळबाबांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज लिहिला. कोण मर्द दिसतो हे साहेब ठरवत होता. गुजरातेत लिंबोदरा गावी २०१७ मध्ये मिशी राखली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली, तेव्हा हेच गावातल्या वरच्या जातींनी ठरवलं. आमच्या मते ही मिशीची भांडणं पुरुषांची आपसातली म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. मिशीवर ज्याची मालकी, त्याचीच घरातल्या बाईवर मालकी, हे गणित दोन्हीकडे एकच आहे.

आता आपल्या मुलींकडे येऊ. भरतीला निघालेल्या मुली बैठकीत उंची-धावेबद्दल मोठ्यानं विचारतात. एक प्रश्न मात्र सगळ्या उठल्यावर, दाराशी, हळू आवाजात येतो: ताई, ओठावरची लव काढून जाऊ का? मैदानात मुलं हसतात, मास्तर बोलतात. पीसीओएस हा अंतःस्रावांचा विकार दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात ओठावर, हनुवटीवर केस येतात. त्याचा धावण्याशी काही संबंध नाही. भरतीच्या जाहिरातीत उंचीचे, मीटरचे, सेकंदांचे आकडे असतात; लवेचा आकडा कुठे छापलेला नसतो. पण न छापलेला नियम छापलेल्यापेक्षा कडक. त्याच्याविरुद्ध अपील कुठे करायचं? गणवेशातल्या पुरुषाला निदान दाढीसाठी अर्ज करता येतो, नकार लेखी मिळतो, कोर्टात जाता येतं. बाईच्या ओठावरचे केस कुणी मोजतच नाही, फक्त हसतात, आणि ती पार्लरमध्ये जाऊन दोरा फिरवून येते. मर्दपणाची खूण जिथे उगवू नये तिथे उगवली म्हणून ही शिक्षा. तोच केस त्याच्या ओठावर अब्रू असतो आणि तिच्या ओठावर लाज.

मधल्या माणसाला तर गणवेश ओळखतच नाही. विशाखापट्टणमला नौदलातल्या एका नौसैनिकानं शस्त्रक्रिया करून बाई म्हणून जगायला सुरुवात केली, तेव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये 'सेवेची गरज उरली नाही' म्हणून घरी पाठवलं. पुढच्याच वर्षी आपल्या राज्यात, बीड जिल्ह्यात, महिला कॉन्स्टेबल म्हणून भरती झालेल्या एका व्यक्तीला शस्त्रक्रियेची परवानगी मिळाली आणि आज तो पुरुष कॉन्स्टेबल म्हणून नोकरी करतो. बाईचा पुरुष झालेला खात्याला चालला. पुरुषाची बाई झालेली चालली नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत हे मान्य, पण आम्हांला हा नुसता योगायोग वाटत नाही.

बायकांच्या केसांवर हुकूम चालवणारी व्यवस्था आपण एकदा मोडलेली पाहिली आहे. विधवांचं केशवपन करणार नाही असं १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानं ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. भरतीच्या मैदानावर तो कुणाच्या हातात आहे? तालुक्याच्या अकादमीतले मास्तर, वैद्यकीय तपासणीतल्या डॉक्टरबाई, घोषणा करणारा हवालदार.

म्हणून पुढच्या अंकासाठी एक काम. तुमच्या गटातल्या ज्या मुली गेल्या दोन-तीन वर्षांत पोलीस, होमगार्ड, नौदल किंवा लष्कराच्या भरतीला गेल्या, त्यांच्याशी निवांत बोला. केस, लव, टिकली, बांगड्या, मंगळसूत्र ह्यांबद्दल त्यांना काय सांगितलं गेलं, कुणी सांगितलं, कागदावर की तोंडी, आणि त्यांनी काय केलं, एवढं लिहून काढा. नाव नको, तालुका आणि साल पुरे. जी गोष्ट तोंडी सांगितली गेली तिचा लेखी नियम माहितीच्या अधिकारात मागायचा अर्ज आम्ही तयार करतो आहोत. त्याचा मसुदा गटांच्या हाती देऊ, आणि जे उत्तर येईल ते इथे छापू.