गेल्या वर्षीचा हिशेब गेला कुणीकडे?

मार्च आला की ऑफिसात दोन जमाती दिसायला लागतात. एक अप्रेझलची वाट बघणारी आणि दुसरी 'गेल्या वर्षी किती खर्च झाला होता?' याचं उत्तर शोधत फिरणारी. पूर्वी हे उत्तर अकाउंट्सवाल्या काकांच्या कपाटात असायचं. आता कंपनीचे सर्व्हर क्लाउडवर गेले आणि त्यांच्यामागोमाग हिशेबाची फाइलही ढगात गेली!

माझी एक मैत्रीण बाणेरच्या एका छोट्या कंपनीत आहे. तिच्या कंपनीला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. नव्या साहेबांचा पहिलाच प्रश्न : क्लाउडचं बिल वाढलं की कमी झालं? हिने वर्षभर खपून ते कमी केलं होतं. मोठ्या उत्साहात तिने स्क्रीन उघडला, तर ग्राफमध्ये दोनच महिने. त्याआधी चक्क शून्य! टीममधल्या दोघांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, हे याच आकड्यांवर ठरणार होतं.

अशा वेळी आधी घाबरणं थांबवा. बहुतेकदा आकडे पुसलेले नसतात, त्यांच्यापर्यंत जायची तुमची वाट बंद झालेली असते.

सुरुवात सोप्या गोष्टींपासून करा. तारखेची रेंज बघा. आधीच्या कुणी लावलेला फिल्टर तसाच राहिलाय का, ते बघा. मग परवानगी तपासा. सर्व्हर चालवायची परवानगी असली म्हणजे बिल बघायचीही असतेच असं नाही. गूगल क्लाउडमध्ये तर एखाद्या प्रोजेक्टपुरती परवानगी असेल, तर तेवढाच खर्च दिसतो.

इथेही नाही सापडलं? मग विचारा, खातं मध्यंतरी हललंय का? अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसमध्ये स्वतंत्र खातं एखाद्या मोठ्या ऑर्गनायझेशनमध्ये सामील झालं, की स्वतंत्र असतानाचा खर्च त्या खात्याला कॉस्ट एक्सप्लोररमध्ये दिसेनासा होतो. बाहेर पडलं, की सामील असतानाचा दिसत नाही. लग्नानंतर माहेरच्या कपाटाची किल्ली काढून घ्यावी, तसा प्रकार! परत त्याच ऑर्गनायझेशनमध्ये गेलात, तर तिथला जुना डेटा पुन्हा दिसतो. गूगलमध्ये प्रोजेक्ट दुसऱ्या बिलिंग अकाउंटला जोडला, तर आधीचा खर्च जुन्या अकाउंटवरच राहतो. तो बघायला तिथली परवानगी लागते.

तिसरं कारण : नोंद सुरूच उशिरा झाली. गूगलचं बिगक्वेरी एक्स्पोर्ट सुरू केलं, की अमेरिका किंवा युरोपच्या मल्टिरीजन डेटासेटमध्ये फार तर मागच्या महिन्याच्या सुरुवातीपासूनचा डेटा येतो. एकाच रीजनचा डेटासेट असेल, तर सुरू केल्या दिवसापासूनचाच. टॅगचंही तसंच. आज लावलेलं लेबल कालच्या खर्चाला आपोआप चिकटत नाही. आणि कॉस्ट एक्सप्लोरर आत्ताच पहिल्यांदा सुरू केला असेल, तर जरा दम धरा. चालू महिन्याचे आकडे यायला साधारण २४ तास लागतात, जुन्यांना आणखी काही दिवस.

मैत्रिणीच्या बाबतीतही कारण खात्याच्या स्थलांतरातच निघालं. मदतीला धावून आल्या त्या अकाउंट्सच्या मॅडम. त्यांनी दर महिन्याचं इन्व्हॉइस पीडीएफ करून इमानेइतबारे जपलं होतं. हिने एका संध्याकाळी बारा आकडे एक्सेलमध्ये भरले आणि कमी झालेलं बिल साहेबांना सरळ दिसलं. दोन्ही कॉन्ट्रॅक्टं वाढली.

तेव्हा मंडळी, कंपनी विकली जाणार, खातं हलणार, अशी कुजबुज कानावर आली, की आधी जुना हिशेब डाउनलोड करा. एक्स्पोर्ट आजच सुरू करा. आणि दर महिन्याचं बिल पक्कं झालं, की त्याची एक कॉपी क्लाउडबाहेर ठेवा. केलेली बचत दाखवता आली नाही, तर ती केली हे कुणाला पटणार?