सिद्दी मुलं 'जन्मजात धावपटू'? भारताच्या एका फसलेल्या हिशेबाची गोष्ट

ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची फायनल संपली की एक कमेंट हमखास येते: 'यांच्या जीन्समध्येच आहे.' भारतात एकदा याच समजुतीवर सरकारी योजना राबवली गेली.

१९८० च्या दशकात स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाने 'स्पेशल एरिया गेम्स' योजनेत कर्नाटक आणि गुजरातमधली सिद्दी मुलं निवडली. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतले, म्हणजे मुलं पदकं आणणारच, असा हिशेब होता.

पण 'आफ्रिकी शरीर' असं एक काही नसतंच. जगातली सर्वाधिक जनुकीय विविधता आफ्रिकेतच आहे. केनियाचे बहुतेक नामवंत मॅरेथॉनपटू कालेंजिन समाजाचे आहेत, तर सिद्दींचे पूर्वज मुख्यतः बांटू भाषक. बरं, 'स्पीड जीन' म्हणून गाजलेलं एसीटीएन३? त्याची 'वेगवान' आवृत्ती केनियात जवळपास सगळ्यांकडे असते, तरी देशाचं नाव आहे ते लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी. ती आवृत्ती बहुसंख्य भारतीयांकडेही असते. आपण काही बोल्ट झालो नाही!

तिकडे इटेन गावात समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर रोजचा सराव चालतो, आणि धावण्यातून घर उभं राहतं हे पोरांनी शेजारीच पाहिलेलं असतं.

सिद्दी मुलांनीही मेहनत घेतली. हर्डल्समध्ये कमला सिद्दी चमकल्या. पण १९९० च्या दशकात त्यांच्यासाठीचा कार्यक्रम गुंडाळला गेला. काहींना खेळाडू म्हणून नोकऱ्या मिळाल्या, बाकीचे गावी शेतीकडे आणि मजुरीकडे परतले.